कोकणातला वहाळ निरोगी आहे का, हे कसे तपासावे

कोकणातील बहुतेक वहाळ आणि पऱ्ये, म्हणजे ओढे, लांबीने लहान असतात. सह्याद्रीच्या उतारावर किंवा जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, उगम पावून ते थोड्याच अंतरात नदीला किंवा थेट खाडीला मिळतात, आणि वर्षभरातल्या पाण्याचा फार मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच वाहून नेतात. लांबी कमी असल्यामुळे दोन-तीन माणसांना एका दिवसात उगमापासून भरतीच्या हद्दीपर्यंत सगळा वहाळ पायी पाहता येतो, आणि कोणत्या घरांचे सांडपाणी, कोणती चिरेखाण, कोणती आंब्याची बाग त्याला कुठे भिडते हे प्रत्यक्ष पडताळता येते. हा लेख ज्यांनी असे काम पूर्वी कधीच केलेले नाही अशा शेतकऱ्यांसाठी, शिक्षकांसाठी, विद्यार्थ्यांसाठी आणि गावाच्या पाण्याविषयी आस्था असणाऱ्या कोणासाठीही आहे.

सुरुवातीलाच दोन प्रश्न वेगळे करावेत. पाणी पिण्यास योग्य आहे का, हा पहिला प्रश्न आणि वहाळ निरोगी आहे का, हा दुसरा. गुरे पाण्यावर येतात अशा एखाद्या जंगलातल्या पऱ्याचे पाणी न उकळता पिणे धोक्याचे असू शकते, तरीही तो पऱ्या परिसंस्था म्हणून उत्तम स्थितीत असू शकतो. उलट, तळ दिसेल इतके नितळ पाणी असलेल्या वहाळात दगडाखाली एकही जीव नसण्याची शक्यता असते. आंब्याच्या मोहोरावर फवारणी झाल्यानंतर पंप वहाळात धुतला गेला, तर सायपरमेथ्रिनसारखे कीटकनाशक अतिशय अल्प प्रमाणातही पाण्यातल्या किड्यांना मारते. दोन दिवसांनी त्याच जागेचे पाणी बाटलीत भरून तपासले तर बहुधा काहीच आढळणार नाही. बाटलीतले पाणी फक्त त्या क्षणाची स्थिती सांगते. दगडाखाली महिनोन्‌महिने राहणारे जीव मात्र मागच्या संपूर्ण हंगामाची साक्ष देतात, आणि म्हणूनच पुढील मार्गदर्शनात सर्वाधिक जागा त्यांना दिली आहे.

ठिकाणे आणि वेळ कशी निवडावी

एकाच ठिकाणची तपासणी फारसे काही सांगत नाही, कारण आकडा चांगला की वाईट हे ठरवण्यासाठी तुलना लागते. म्हणून किमान तीन ठिकाणे घ्यावीत. पहिले वस्ती, बागा आणि खाणी यांच्या वर, शक्यतो देवराईच्या किंवा रत्नागिरीकडे जिला देवरहाटी म्हणतात तिच्या सावलीत असावे. दुसरे वाडीच्या लगेच खाली. आणि तिसरे त्याहून बरेच खाली, पण भरतीचे पाणी पोचते त्याच्या वर असावे. पहिले ठिकाण हा त्या वहाळाचा स्वतःचा मापदंड ठरतो. वरचा भाग आधीच उजाड झाला असेल तर शेजारच्या खोऱ्यातला तेवढ्याच रुंदीचा, तशाच दगडाचा आणि तशाच उताराचा पऱ्या तुलनेसाठी घ्यावा. काळ्या पाषाणातून उड्या घेत येणाऱ्या पऱ्याची तुलना जांभ्याच्या सड्यावरून संथपणे येणाऱ्या वहाळाशी करू नये, कारण निरोगी असतानाही त्या दोघांत वेगवेगळे जीव राहतात.

भरतीची हद्द नीट ठरवणे कोकणात फार महत्त्वाचे आहे. खारे पाणी चढते तिथे गोड्या पाण्यातले बहुतेक किडे तगतच नाहीत, आणि ते सापडले नाहीत म्हणून प्रदूषणाचा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. कांदळवन दिसू लागले की आपण फार खाली आलो असे समजावे. मात्र खारे पाणी कांदळवनाच्याही वर येऊ शकते, विशेषतः उन्हाळ्यातल्या उधाणाच्या भरतीला. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मासे धरणाऱ्या माणसांना विचारून हद्द पक्की करावी.

प्रत्येक ठिकाणी सुमारे 50 मीटर लांबीचा पट्टा ठरवून त्यात खळाळ (दगडांवरून वेगाने वाहणारा उथळ भाग), संथ वाहता भाग आणि कोंड (खोल डोह) हे तिन्ही शक्यतो यावेत. काम नेहमी खालून वर करत जावे, म्हणजे आपल्या पायांनी उठलेला गाळ पुढच्या नमुन्यात येत नाही.

पहिली तपासणी परतीचा पाऊस संपून पाणी निवळल्यावर तीन-चार आठवड्यांनी, म्हणजे साधारण नोव्हेंबरात करावी. पुराने दगड उलटेपालटे झालेले असतात आणि जीवांना पुन्हा वस्ती करायला तेवढा अवधी लागतो. दुसरी तपासणी शिमग्याच्या आसपास, पाणी ओसरलेले असताना करावी. त्या वेळी सांडपाण्याचा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसतो, कारण ते पातळ करायला वाहते पाणीच उरलेले नसते. जांभ्याच्या सड्यावरचे पुष्कळ वहाळ फेब्रुवारी-मार्चपर्यंत नैसर्गिकपणेच आटतात, तेव्हा वहाळ कोरडा पडला एवढ्यावरून तो आजारी ठरत नाही. पूर्वी तो कोणत्या सणापर्यंत वाहत असे आणि आता कधी थांबतो, हे गावातल्या जुन्या माणसांकडून समजून घ्यावे; मे महिन्यापर्यंत वाहणारा वहाळ आता पौषातच थांबत असेल तर ती अत्यंत गंभीर नोंद आहे. काही नद्यांच्या बाबतीत वेगळीच काळजी घ्यावी लागते. कोयनेचे पाणी वीजनिर्मितीनंतर चिपळूणजवळ वाशिष्ठीत येते आणि मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून कुंडलिकेत उतरते, त्यामुळे या नद्यांचा उन्हाळी प्रवाह त्यांच्या स्वतःच्या खोऱ्याविषयी काही सांगत नाही. नवख्यांनी अशा नद्या न घेता त्यांना मिळणारा एखादा लहान वहाळ घ्यावा.

उतरण्यापूर्वीची काळजी

पावसाळ्यात वहाळात उतरू नये. गावात ऊन असतानाही घाटात कोसळलेल्या पावसाचे पाणी बघता बघता चढते. एकट्याने जाऊ नये आणि पाय पुसून जखमा तपासल्याशिवाय पाण्यात पाय घालू नये, कारण लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरांच्या व गुरांच्या मूत्रातून पाण्यात येतात आणि जखमेतून शरीरात शिरतात. गमबूट आणि हातमोजे वापरावेत, आणि नंतर काही दिवसांत ताप आला तर वहाळात उतरल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. कातळावर आणि पालापाचोळ्यात फुरसे असते, म्हणून दिसत नसलेल्या खबदाडात हात घालू नये. सावित्री आणि वाशिष्ठी यांच्या खालच्या पात्रांत मगरी आहेत, त्यामुळे अशा नद्यांना मिळणाऱ्या वहाळाच्या खोल कोंडात स्थानिकांना विचारल्याशिवाय जाऊ नये. वनखात्याच्या हद्दीत परवानगी घेऊनच काम करावे.

साहित्य फार लागत नाही: अर्धा मिलिमीटर जाळीची हातजाळी, दोन पांढरे पसरट ट्रे, मऊ कुंचला, ड्रॉपर, भिंग, मोजपट्टी, दोरी, थर्मामीटर, आणि जमल्यास सामू (पीएच) व वाहकता (विरघळलेल्या क्षारांमुळे पाण्यातून वीज किती वाहते ते) मोजणारे खिशातले मीटर. नोंदी पेन्सिलीने कराव्यात, कारण पेनाची शाई ओली झाली की पसरते.

आधी नुसते पाहावे

पहिली पंधरा-वीस मिनिटे काठावर उभे राहून पाहण्यासाठी ठेवावीत. दोन्ही काठांवर झाडांचा पट्टा किती रुंद आहे, पाण्यावर किती सावली पडते, काठ ढासळत आहे का, आणि काठावर वहाळाचीच मानली जाणारी झाडे उरली आहेत का, हे लिहावे. वाळुंज, शेरणी, करंज, जांभूळ, उंबर, केवडा ही झाडे मुळांनी काठ धरून ठेवतात. शेरणीची झुडपे तर थेट पात्रातल्या दगडांमध्ये वाढतात आणि पुरात वाकून पुन्हा उभी राहतात. जेसीबीने खोलीकरण आणि रुंदीकरण झालेल्या वहाळात ती सर्वांत आधी नाहीशी होतात. असे खोलीकरण गावोगावी चांगल्या हेतूने होते, पण खळाळ आणि कोंड यांचा क्रम मोडून सरळ चर उरला की जीवांना राहायला जागाच उरत नाही, आणि तो क्रम पुन्हा तयार व्हायला अनेक पावसाळे जावे लागतात. माझ्या मते लहान वहाळाला यापेक्षा मोठी इजा क्वचितच होते, म्हणून खोलीकरण झाले असल्यास त्याचे वर्ष नोंदीत ठळकपणे लिहावे.

याच टप्प्यावर नवख्यांची सर्वाधिक दिशाभूल होते, कारण कोकणातल्या पाण्यात नैसर्गिकपणेच अशा काही गोष्टी दिसतात ज्या प्रदूषणासारख्या भासतात. जांभ्यातून झिरपणाऱ्या पाण्यात लोह असते. ते हवेच्या संपर्कात आले की लोहजीवाणू त्यावर वाढतात आणि झऱ्याच्या तोंडाशी नारिंगी, बुळबुळीत, कापसासारखा गाळ साठतो. शेजारच्या साचलेल्या पाण्यावर इंद्रधनुष्यी तवंग येतो. तो तेलाचा आहे की जीवाणूंचा, हे ओळखण्याची रीत सोपी आहे. वाळलेली काडी घेऊन तवंगाच्या मधोमध अलगद फिरवावी. जीवाणूंचा तवंग कोनाकोनांच्या तुकड्यांत फुटतो आणि ते तुकडे काचेच्या कपच्यांसारखे वेगळेच राहतात; डिझेलचा किंवा तेलाचा तवंग काडीभोवती वळसे घेतो, मागे लगेच जुळून येतो आणि त्याला वासही येतो. फेसाचेही तसेच आहे. कुजलेल्या पाल्यातून आलेल्या द्रव्यांमुळे धबधब्याखाली पिवळसर-मळकट फेस साठतो, त्याला मातीचा वास असतो आणि तो जंगलातही आढळतो. पांढराशुभ्र, सुगंधी आणि धुण्याच्या दगडाखालीच सुरू होणारा फेस साबणाचा असतो. पाल्यामुळे तपकिरी झालेले पाणीही चिंतेचे कारण नाही. मात्र डिसेंबरातल्या कोरड्या हवेत वहाळ तांबडा वाहत असेल तर वर चिरेखाण, रस्त्याचे काम किंवा नुकताच उघडा केलेला डोंगर असला पाहिजे, आणि तिथपर्यंत चालत जाऊन पाहावे. नारळाची सोडणे कुजत घातलेल्या जागी पाणी काळे आणि कुजकट वासाचे होते. तेही लिहावे, कारण तिथला प्राणवायू जवळजवळ संपलेला असतो.

प्रवाह आणि तळ

वाहत्या पाण्याचे प्रमाण मोजण्यासाठी सरळ वाहणारा 10 मीटरचा तुकडा निवडावा. तीन-चार जागी रुंदी व प्रत्येक रुंदीवर पाच-सहा ठिकाणी खोली मोजून दोन्हींची सरासरी काढावी. संत्र्याच्या सालीचा तुकडा पाण्यावर सोडून 10 मीटर जायला लागलेले सेकंद तीनदा मोजावेत. समजा सरासरी रुंदी 2 मीटर, खोली 0.15 मीटर आणि वेळ 25 सेकंद आली, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला 0.4 मीटर होतो. तळाशी पाणी संथ असते, म्हणून गुणाकाराला पुन्हा 0.85 ने गुणावे. उत्तर सेकंदाला सुमारे 0.1 घनमीटर, म्हणजे 100 लिटरच्या आसपास येते. वनराई बंधारे, म्हणजे माती भरलेल्या सिमेंटच्या पिशव्यांचे तात्पुरते बांध, घातल्यानंतर खाली किती पाणी उरते हे याच रीतीने कळते. बंधाऱ्याचा विहिरींना उपयोग होतो यात शंका नाही, पण खालचा तुकडा पूर्ण कोरडा न होऊ देण्याइतके पाणी सोडले जाते की नाही, आणि पावसाआधी सिमेंटच्या पिशव्या काढल्या जातात की नाही, हेही पाहावे.

तळासाठी पट्ट्यात नागमोडी चालत दर पावलाला न बघता बोटाखाली येईल तो दगड उचलावा आणि त्याची मधली जाडी मोजावी, असे 100 दगड घ्यावेत. याबरोबर दगड गाळात किती रुतले आहेत ते पाहावे. दगडाचा एक चतुर्थांशापेक्षा कमी भाग रुतलेला असेल तर खालच्या फटी मोकळ्या असतात आणि त्याच फटींत जीव राहतात. अर्ध्याहून अधिक रुतलेले दगड म्हणजे बुजलेली वस्ती होय. उचललेल्या दगडाची खालची बाजू काळी असेल आणि कुजलेल्या अंड्याचा वास येत असेल तर तळाशी प्राणवायू पोचत नाही असे समजावे. प्रत्येक दगड पाहून झाल्यावर होता त्याच जागी, त्याच बाजूने परत ठेवावा.

पाण्याची मोजमापे

तापमान, सामू म्हणजेच पीएच, वाहकता आणि विरघळलेला प्राणवायू एवढी चार मोजमापे नवख्यांना पुरेशी आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत वन्यजीव व मत्स्यजीवन यांसाठीच्या पाण्यात लिटरला किमान 4 मिलिग्रॅम प्राणवायू आणि 6.5 ते 8.5 सामू अपेक्षित आहे. आंघोळीच्या पाण्यासाठी प्राणवायूची मर्यादा 5 मिलिग्रॅम आहे. खळाळत्या पऱ्याकडून यापेक्षा अधिक अपेक्षा ठेवावी. 25 अंश सेल्सियसला पाण्यात साधारण 8.2 मिलिग्रॅम आणि 30 अंशांना 7.5 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, आणि निरोगी खळाळात तो याच्या जवळपास असतो. प्राणवायू एकदा पहाटे आणि एकदा दुपारी मोजावा. खतांमुळे शेवाळ माजलेल्या पाण्यात दुपारी प्राणवायू भरपूर दिसतो, पण रात्रभर शेवाळ तोच वापरते आणि पहाटे मासे पृष्ठभागावर तोंडे काढतात. केवळ दुपारी मोजणाऱ्याला हे कळतच नाही.

जांभ्यातून येणारे पाणी किंचित आम्लधर्मी असते, म्हणून सामू 6.5 पेक्षा थोडा खाली आला तर घाबरू नये. वरच्या ठिकाणीही तो तसाच आहे का हे पाहावे. वाहकतेच्या बाबतीतही फरकाला महत्त्व द्यावे. वर 60 आणि वाडीखाली 180 मायक्रोसीमेन्स अशी वाढ दिसली तर मधे सांडपाणी, शौचालयाच्या टाकीचा निचरा किंवा खारे पाणी मिसळत आहे. जलजीवन मिशनमधून ग्रामपंचायतीकडे आलेला क्षेत्रीय तपासणी संच नायट्रेट पाहण्यासाठी उपयोगी पडतो, परंतु तो पिण्याच्या पाण्यासाठी आहे याचे भान ठेवावे.

दगडाखालचे जीव

खळाळात उतरून जाळीचे तोंड प्रवाह येतो त्या दिशेला करावे आणि तळाला टेकवावे. दुसऱ्या माणसाने जाळीपासून अर्धा मीटर प्रवाहाच्या वरच्या बाजूला उभे राहून पायाने दगड आणि वाळू ढवळावी, मोठे दगड हाताने चोळून जाळीसमोर धुवावेत. अशी ढवळण प्रत्येक ठिकाणी एकूण तीन मिनिटे करावी, आणि ती खळाळ, काठाची मुळे व साचलेला पाला यांत विभागावी. जाळीतले सर्व काही पाणी घातलेल्या पांढऱ्या ट्रेमध्ये उलटे करून ट्रे सावलीत स्थिर ठेवावा. सुरुवातीला फक्त पालापाचोळा दिसेल. दोन-तीन मिनिटे थांबले की पाल्याचे तुकडे चालू लागतात.

प्रथम शेपट्या मोजाव्यात. पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले हलत असतील आणि मागे बहुधा तीन शेपट्या असतील, तर ते मेफ्लाय या उडत्या किड्याचे पाण्यात वाढणारे पिल्लू आहे. काहींना दोनच शेपट्या असतात, म्हणून कल्ले पाहिल्याशिवाय निर्णय करू नये. पोटाच्या बाजूंना कल्ले नाहीत, शेपट्या दोनच आहेत आणि प्रत्येक पायाला दोन नख्या आहेत, ते स्टोनफ्लायचे पिल्लू. थंड, सावलीतल्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्याशिवाय ते राहत नाही, आणि वाडीखालून सर्वांत आधी तेच जाते. मेफ्लायमध्येही फरक करावा: दगडाला चिकटून खेकड्यासारखे आडवे सरकणारे चपट्या अंगाचे पिल्लू संवेदनशील असते, तर गोलसर अंगाचे, माशासारखे सुळकन पोहणारे पिल्लू बऱ्यापैकी घाण सोसते. हे दोन वेगवेगळ्या कुळांतले असल्यामुळे 'मेफ्लाय सापडली' एवढीच नोंद अपुरी आहे.

वाळूचे कण, काड्या किंवा पानांचे तुकडे रेशमाने जोडून केलेल्या नळीत राहणारी अळी कॅडिसफ्लायची. तिच्याच एका कुळातली अळी नळी न करता दगडांमध्ये बारीक जाळे विणून वाहत येणारे कण पकडते. दगड पाण्याबाहेर काढताच ते जाळे कोसळून चिखलाचा ठिपका होते, म्हणून दगड पाण्यातच पाहावा. दगडाला तांबूस, गोल, नाण्याएवढी नव्हे पण मसुराच्या डाळीएवढी चपटी चकती चिकटलेली असेल तर ती एका पाणभुंग्याची अळी असते. नखाने उचलू नये, कुंचल्याने अलगद सोडवावी. चतुराच्या पिल्लाचे अंग आखूड आणि दणकट असते, टाचणीच्या पिल्लाच्या मागे पानासारखे तीन कल्ले असतात. वेगवान पाण्यात दगडावर मागच्या टोकाने चिकटून डोलणाऱ्या बारीक अळ्या काळ्या माशीच्या.

आता दुसरी बाजू. रक्तासारख्या लाल, वळवळणाऱ्या अळ्या चिरोनोमिड माशीच्या असतात. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असल्याने त्या कमी प्राणवायूच्या चिखलातही जगतात. त्या एक-दोन सापडणे स्वाभाविक आहे, पण ट्रे त्यांनीच भरला असेल तर सांडपाणी आहे. चिखलात डोके खुपसून शेपूट हलवणारे तांबडे बारीक कृमी, लांब श्वासनळी असलेली पांढरट अळी आणि टोक वर धरून आपल्याकडे तोंड केले असता तोंड डावीकडे येते ती लहान गोगलगाय, हेही तेच सांगतात. ही गोगलगाय हवेतून श्वास घेते, त्यामुळे प्राणवायू संपला तरी तिचे अडत नाही. पाणनिवळ्या पृष्ठभागावर राहतात आणि त्याही हवेतूनच श्वास घेतात. त्या भरपूर दिसल्या म्हणून पाणी चांगले आहे असे मानू नये.

गुण देण्यासाठी ब्रिटनमध्ये 1970 च्या दशकात तयार झालेली, कुळांना 10 ते 1 अंक देणारी पद्धत वापरली जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तिच्या आधारे भारतीय नद्यांसाठी जैविक निकष तयार केले आहेत, आणि त्यात पाण्याचे स्वच्छ ते तीव्र प्रदूषित असे पाच वर्ग आहेत. हिशेब असा. समजा वरच्या ठिकाणी चपटी मेफ्लाय 10, दुभंगलेल्या कल्ल्यांची मेफ्लाय 10, स्टोनफ्लाय 10, वाळूत पुरून राहणारा चतुर 8, जाळे विणणारी कॅडिसफ्लाय 5, खळाळातला बारीक पाणभुंगा 5, काळी माशी 5, पोहणारी मेफ्लाय 4 आणि चिरोनोमिड 2 अशी नऊ कुळे मिळाली. बेरीज 59 आणि सरासरी सुमारे 6.6. खाली पोहणारी मेफ्लाय 4, जळू 3, डावखुरी गोगलगाय 3, चिरोनोमिड 2 आणि कृमी 1 अशी पाचच कुळे मिळाली, तर बेरीज 13 आणि सरासरी 2.6. किती जीव मिळाले याने या अंकात फरक पडत नाही, म्हणून विविधतेचा अंक वेगळा काढतात: ट्रेमधून एकेक जीव न निवडता उचलायचा, तो आधीच्या जीवापेक्षा वेगळा असेल तर नवी मालिका मोजायची, आणि मालिकांना एकूण जीवांनी भागायचे. 50 जीवांत 30 मालिका आल्या तर उत्तर 0.6 येते. एकाच जातीने ट्रे भरला असेल तर हा अंक शून्याकडे झुकतो.

एक इशारा आवश्यक वाटतो. वरच्या ठिकाणची सरासरी चांगली, खालचे पाण्याचे सगळे आकडे चांगले, तळही मोकळा, आणि तरीही खाली कीटकवर्गीय जीव जवळजवळ नाहीत पण गोगलगायी व कृमी मात्र आहेत, असे चित्र दिसले तर सांडपाण्याआधी कीटकनाशकाचा संशय घ्यावा. मोहोराच्या फवारणीचा काळ, जवळची बाग आणि पंप धुण्याची जागा यांची चौकशी आरोप न करता करावी. बागायतदाराला पंप काठापासून दूर, मातीत धुण्याची जागा करून देणे बहुतेक वेळा शक्य असते. मोजणी झाल्यावर सर्व जीव जिथून घेतले तिथेच सोडावेत.

मासे आणि राखलेले कोंड

मासे पकडण्याची गरज नाही. कोंडाच्या काठी दहा मिनिटे निश्चल बसून पाहावे. दगडांवर तोंडाने चिकटून शेवाळ खरवडणारे मासे, तळाशी पट्टेरी मुऱ्या आणि मधल्या पाण्यात चपळ थवे, असे वेगवेगळ्या थरांतले मासे दिसणे चांगले. फक्त गप्पी किंवा तिलापिया दिसत असतील तर बाहेरचे मासे सोडले गेले आहेत. पहिल्या मोठ्या पावसात मासे प्रवाहाविरुद्ध वर चढून खाचरांत व उथळ पाण्यात अंडी घालतात. दक्षिण कोकणात त्यांना चढणीचे मासे आणि रायगडकडे वलगणीचे मासे म्हणतात. पूर्वी ते कोणत्या जागेपर्यंत चढत, आता कुठे थांबतात आणि मधे कोणता बंधारा किंवा मोरी आली, ही माहिती जुन्या माणसांइतकी कोणाकडेच नसते. ब्लीचिंग पावडर टाकून किंवा विजेचा करंट सोडून मासे मारले जातात का, हेही विचारावे, कारण त्याने फक्त मासेच नव्हे तर सगळा कोंड मरतो.

ज्या कोंडांना श्रद्धेने राखले गेले त्यांचा तुलनेसाठी मोठा उपयोग होतो. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातील तिळसे येथे वैतरणेच्या पात्रात देवाचे म्हणून राखलेले महसीर मासे आहेत. घाटमाथ्यावर आंबोलीत हिरण्यकेशीच्या मंदिराच्या कुंडात 2020 मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी ही माशाची नवी जाती नोंदली गेली आणि 2021 मध्ये ती जागा जैवविविधता वारसास्थळ झाली. अशा ठिकाणी जाळी घालू नये, फक्त पाहावे.

निष्कर्ष लिहिताना

तळ, पाणी, जीव आणि काठ यांचे निष्कर्ष एका आकड्यात मिसळू नयेत. 'वहाळ खराब आहे' या वाक्याने ग्रामसभेत वाद होतो आणि काम होत नाही. 'वाडीखाली धुण्याच्या दगडापासून पुढे स्टोनफ्लाय आणि चपटी मेफ्लाय आढळत नाहीत, वाहकता तिप्पट आहे, काठाची झाडे पुलापर्यंत तोडलेली आहेत' असे लिहिले तर काय करायचे ते वाचणाऱ्यालाच दिसते. तारीख, वेळ, आधीच्या आठवड्यातला पाऊस, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आणि वर व खाली पाहून काढलेले छायाचित्र प्रत्येक नोंदीसोबत असावे. 2002 च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. आपल्या नोंदींची एक प्रत त्या समितीकडे द्यावी.

तपासणीच्या वेळी किंवा एरवीही मेलेले मासे दिसले तर मात्र हा सगळा क्रम बाजूला ठेवावा. मासे खाऊ नयेत व कोणाला खाऊ देऊ नयेत, गुरे पाण्यावरून हटवावीत, आणि काठाने वर चालत जाऊन मेलेले मासे कुठून सुरू होतात ते शोधावे, कारण मूळ उगम बहुधा त्याच्या थोडा वर असतो. त्या जागेच्या वरचे आणि खालचे पाणी वेगवेगळ्या स्वच्छ बाटल्यांत काठोकाठ भरावे. कीटकनाशकाचा संशय असेल तर काचेची बाटली घ्यावी. बाटल्यांवर ठिकाण, तारीख आणि वेळ लिहून त्या बर्फात ठेवाव्यात, त्याच दिवशी ग्रामपंचायतीला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवावे, आणि नमुने 24 तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवावेत.